गिरिजाक्काचा दम

महेशचा फोन आला तेव्हा मी कागलला नणंदेच्या घरी होते. तिच्या नातीचं बारसं होतं. मांडवात बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी एका कानावर हात दाबून दुसऱ्या कानाला फोन लावला होता. "मावशी, आई गेली," महेश म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेली आता?" गिरिजाक्का सकाळच्या वेळी घरात सापडली असं कधी होतच नसे, त्यामुळं ती कुठं तरी गेली असणार हे मला नेहमीसारखंच वाटलं. मग त्याचं रडणं ऐकू आलं. मांडवात पाळणा चालूच होता. मी चपला न घालताच रस्त्यावर आले आणि तिथं तशीच उभी राहिले. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि मी त्यांच्याकडं बघत होते, एवढं आठवतं.

दीड-दोन महिने होत आले त्याला. लोक म्हणतात, लिहून काढ, बरं वाटेल. मी लिहायला बसते आणि उठते. पाणी पिऊन येते, गॅस बंद आहे का बघते, परत बसते. तिच्या ऑपरेशनचं काय झालं ते नातेवाइकांनी आपापल्या परीनं ठरवून टाकलंय. कुणी म्हणतं, उगाच केलं. कुणी म्हणतं, केलं म्हणून तेवढी तरी जगली. मला दोन्ही बोलणी ऐकवत नाहीत. म्हणून जे झालं ते झालं तसं सांगायचा हा खटाटोप.

गिरिजाक्का माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. तिचं माहेर चिकोडीकडचं, घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारं. लग्न होऊन कोल्हापुरात आली ती गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराच्या घरी. सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, या घरात मराठीच बोलायचं. अक्कानं ते इतकं मनावर घेतलं की काही वर्षांत तिची मराठी आमच्या पेठेतल्या कुणाही बाईपेक्षा खणखणीत झाली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. कन्नड उरली ती दोनच ठिकाणी. एक म्हणजे मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. आणि समोरचा चुकीच्या बाजूनं गाडी हाणायला लागला की तोंडातून 'यव्वा!' निघायचं. महेशला तिनं कन्नडचा एक शब्द शिकवला नाही. सासू होती तोवर भीती म्हणून, आणि सासू गेल्यावर सवय म्हणून.

नवऱ्यानं तिला दुकानाच्या जीपवर गाडी शिकवली होती, हौसेनं. महेश शाळेत असतानाच तो गेला. दुकान दिरानं सांभाळलं, आणि अक्कानं काय करावं, तर एक जुनी मारुती घेऊन तिच्यावर पाटी लावली, 'मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी'. गल्लीतले लोक हसले. पहिलं वर्षभर गाडीमागं पोरं ओरडत पळायची, अक्का काच खाली करून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. नंतर कुणी हसेना. शिक्षिका, नर्सा, डॉक्टरणी, दूधसंघातल्या बायका, नवऱ्यानं टाकलेल्या आणि नवरा नको झालेल्या... अर्ध्या कोल्हापूरच्या बायकांना रस्त्यावर आणलं ते तिनं. मी शाळेत चित्रकला शिकवायची. मला गाडीची गरज नव्हती, हौसही नव्हती. तिनं एक दिवस हाताला धरून बसवलं. कळंब्याच्या रस्त्यावर समोरून उसानं लादलेली ट्रॉली आली आणि मी डोळेच मिटले. गाडी थांबली. तिच्या बाजूला पायाशी वेगळा ब्रेक होता, तो तिनं दाबला होता. मला वाटलं आता शिव्या पडणार. ती शांतपणे म्हणाली, "तंगी, डोळं मिटायचं देवापुढं. गाडीत उघडंच ठेवायचं की."

शेवटचा धडा पन्हाळ्याच्या चढावर. चढाला गाडी थांबवून, मागं न जाऊ देता पुन्हा पुढं काढता आली की शिक्षण संपलं. तिथंच एका हिवाळ्यात तिचं दुखणं पहिल्यांदा दिसलं. त्या दिवशी गाडीत सविता होती. सविता बँकेत नोकरीला, निपाणीपलीकडच्या गावातली, अक्काच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. लायसन मिळालेलं, पण एकटीनं गाडी काढायचं धाडस न होणारी. अक्का काहीतरी दाखवायला खाली उतरली, चार पावलं चढावर चालली आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. सविता नंतर मला म्हणाली, त्यांचे ओठ निळे पडले होते. अक्का म्हणाली, पित्त हाय. मग घरचा जिना चढताना मधल्या पायरीवर पित्त व्हायला लागलं. मग बोलता बोलता पित्त व्हायला लागलं. आणि एके दिवशी भाजी मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन ती सरळ खालीच कोसळली. शुद्धीवर आली ती तोंडावर पाणी मारणाऱ्या भाजीवालीवर ओरडतच, "लुगडं भिजवलंस की माझं!"

इथल्या डॉक्टरांनी तपासलं. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाशी पाकळ्यांसारखी एक झडप असते. रक्त बाहेर जाताना ती उघडते आणि लगेच मिटते. अक्काच्या झडपेवर चुना साठून तिच्या पाकळ्या दगडासारख्या झाल्या होत्या. रक्ताला जायला नुसती फट उरली होती. झडप बदलायची, एवढंच, असं आम्हाला आधी वाटलं. आमच्या ओळखीत दोघा-तिघांची बदललेली होती. छाती उघडतात, जुनी काढतात, नवी बसवतात, महिन्या-दोन महिन्यांत माणूस रंकाळ्यावर फिरायला. पण अक्काचा मोठा स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्यांनी पुण्याला पाठवलं.

पुण्याचे डॉक्टर तरुण होते, चष्म्याचे, फार सावकाश बोलणारे. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. पांढऱ्या रंगात सगळा चुना होता. झडपेवर होता तो होताच, पण वरची मोठी धमनीही आतून सगळीकडनं पांढरी, चिनी मातीच्या बरणीसारखी. छाती उघडून ऑपरेशन करायचं तर त्या धमनीला चिमटा लावून रक्त थांबवावं लागतं, आणि तिथं चिमटा लावला तर ती तडकणार. म्हणजे तो मार्ग बंद. दुसरा मार्ग, मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर सरकवत नेऊन जुन्या झडपेच्या आतच नवी उघडायची. त्यात छाती उघडावी लागत नाही. पण मांडीच्या धमन्याही चुन्यानं आवळलेल्या, नळी शिरायलाच जागा नाही. समजावता समजावता डॉक्टर म्हणाले, "असं समजा आजी, तुमच्या गाडीच्या इंजिनात..." अक्कानं हात वर केला. "डॉक्टर, मी गाडी न्हाय. माणूस हाय. माणसाचंच सांगा." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि मग खरोखरच माणसाचं सांगितलं. डाव्या खांद्यापाशी, हासळीच्या हाडाखाली एक धमनी आहे, ती त्यातल्या त्यात मोकळी दिसते. तिच्यातून जाता येईल. पण वाटेत चुना आहेच. त्याचा कण निसटून मेंदूत गेला तर पक्षाघात होऊ शकतो. काही केलं नाही तर औषधानं झडप उघडत नाही, आणि फार दिवस हातात नाहीत. अक्का सगळं ऐकून म्हणाली, "आणि ह्यात मी मेलो तर तुमाला झोप लागंल?" "नाही लागणार," ते म्हणाले, "पण दुसऱ्या दिवशी इथं यावंच लागेल." लिफ्टमध्ये अक्का मला म्हणाली, "पोरगं खोटं बोलत न्हाय."

तरी ठरेना. परत आल्यावर घरात रोज तेच बोलणं. महेश म्हणायचा, करायचंच. दीर म्हणायचे, या वयात कशाला चिरफाड, जेवढं आहे तेवढं सुखानं काढावं. मी विरोधात होते, आणि ते मी स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या आईला पक्षाघातानं अंथरुणावर पडलेलं मी पाहिलं होतं, पाठीला जखमा झालेलं पाहिलं होतं. अक्का सगळ्यांचं ऐकायची आणि घरातल्या घरात फिरायची. स्वयंपाकघरातून पडवी, पडवीतून अंगण. तेवढ्यानंही धाप लागायची, मग खुर्चीची पाठ धरून उभी राहायची, पण बसायची नाही. भिंतीपलीकडून मला तिच्या पायांचा आवाज यायचा आणि तो थांबला की मी हातातलं काम टाकून कान द्यायची... पुन्हा सुरू झाला की माझा श्वास सुटायचा.

एका संध्याकाळी ती मला जिन्यावर सापडली. गच्चीवर वाळत टाकलेली मिरची आणायला निघाली होती. निम्म्यातच बसली होती, कपाळावर घाम. मी खालच्या पायरीवर बसले. ती म्हणाली, "तंगी, मराणाला मी भीत न्हाय. कुणीतरी मला धरून उठवायचं आणि धरून बसवायचं, त्याची भीती हाय." मी म्हटलं, "मग नको करायला. त्या ऑपरेशनात तेच व्हायची भीती आहे." ती हसली. धाप लागत असताना हसली, त्यामुळं ते हसणं फार वेळ चाललं. "आणि आता काय निराळं चाललंय? मिरची आणायला मला कोण पायजे, तूच की." मग जिन्याचा कठडा धरून उठली आणि वरच्या दिशेनं बघत म्हणाली, "जातो पुण्याला. मोडलं तर मोडलं." मिरची मीच आणली.

पुण्याला सकाळीच तिला आत नेलं. कागदावर सही महेशनं केली, तिच्यासमोर, तिनं सांगितल्यावर. आम्ही बाहेर बसलो होतो. बसलो होतो म्हणजे मी बसले होते, महेश येरझाऱ्या घालत होता आणि त्याची ती चाल हुबेहूब आईची होती. दुपारी डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून म्हणाले, "झडप बसली. छान उघडतेय, मिटतेय." महेश त्यांच्या पाया पडला. मी कोल्हापूरला सगळ्यांना फोन केले, पेढे सांगितले. काचेतून आम्ही अक्काला पाहिलं. झोपली होती. छाती वरखाली होत होती, सहज, कुठं अडत नव्हती. किती महिन्यांनी तिचा श्वास असा पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ती जागी झाली तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. उजवा हात पांघरुणावर पडून होता, तिचा नसल्यासारखा. डोळे मात्र पूर्ण जागे. महेश वाकून म्हणाला, "आई, झालं. बरं झालं सगळं." ती त्याच्याकडं बघत राहिली आणि तिच्या तोंडून शब्द आला, "ब्याड." आम्ही एकमेकांकडं बघितलं. "ब्याड... ब्याड." महेशला वाटलं बेड म्हणते आहे. त्यानं नर्सला बोलावलं, पलंग वर केला, मग खाली केला, डोक्याकडून उचलला, पायाकडून उचलला. ती आणखी चिडली, डाव्या हातानं गादीवर मारायला लागली, "ब्याड! ब्याड!" मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी सविताला फोन लावला आणि अक्काच्या तोंडाशी धरला. सविता बँकेत होती, काउंटरवरून उठून बाहेर गेली असावी. तिनं पुन्हा एकदा ऐकवायला सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, त्या कन्नड बोलतायत. ब्याड म्हणजे नको."

नको. काय नको, ते विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही.

डॉक्टर येऊन बसले. स्कॅन झाला होता. चुन्याचे कण निसटून मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेत अडकले होते. हात सुधारेल बहुतेक, ते म्हणाले, भाषेचं सांगता येत नाही. दोन भाषा असलेल्या माणसाची कधी कधी आधी लहानपणची परत येते. "मी सांगितलं होतं," असं ते म्हणाले नाहीत. तेवढ्यासाठी मी त्यांची अजून ऋणी आहे. महेश मात्र त्या क्षणापासून बदलला. सही त्यानं केली होती. आई 'नको' म्हणत होती. या दोन गोष्टी त्यानं मनाशी एकत्र बांधल्या आणि मग त्या सोडवायला तो कुणालाच हात लावू देईना.

घरी आणल्यावरचे पहिले काही आठवडे मी गोड करून सांगणार नाही. अक्का चांगली पेशंट नव्हती. ताट ढकलून द्यायची. औषध थुंकायची. शिव्या मात्र मराठीतल्या शाबूत राहिल्या होत्या, आणि त्या सगळ्या दिरांच्या वाट्याला आल्या. पाणी हवं असलं की 'नीर' म्हणायची, आणि महेश, पोटचा मुलगा, तिच्यापुढं उभा राहून विचारायचा, "काय म्हणतीस आई? काय?" सविता संध्याकाळी बँकेतून आली की बॅग जिन्यावर ठेवून तशीच आत यायची आणि दिवसभराचं साठलेलं ऐकून घ्यायची. एकदा अक्काची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायला लागली. अक्कानं डाव्या हातानं वर्तमानपत्र उचलून तिच्या अंगावर फेकलं. ती बाई रडत गेली. अक्का त्यानंतर रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होते, नवरा गेला तेव्हाही माझ्यासमोर रडली नव्हती.

बोलायचं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. चांगल्या होत्या. त्यांच्याकडं चित्रांची कार्डं होती, सफरचंद, छत्री, ससा. अक्का सशाकडं बघायची आणि तोंड फिरवायची. एक दिवस त्या बाई गेल्यावर मी घरी जाऊन माझे रंग काढले. निवृत्त झाल्यापासून हात लावला नव्हता, अर्ध्या ट्यूबा वाळल्या होत्या. मी हॉर्न काढला. गिअरचा दांडा काढला. भाकरीचा तवा, रंकाळ्याचा कट्टा, मंडईतली ती कोथिंबीर, दिरांचा, टक्कल पडलेलं डोकं खाजवतानाचा चेहरा. ती कार्डं घेऊन तिच्यासमोर बसले. दिरांचं चित्र बघून तिनं जी शिवी दिली ती इथं छापता येणार नाही. पण पुढचं कार्ड मी काढलं, गाडीच्या मागं लावलेलं जादा चाक, आणि ती पुढं झुकली. ओठ हलले, थांबले, गालाची शीर ताणली... "स्टेपनी," ती म्हणाली. स्वच्छ. महेश दारात उभा होता, तो तसाच मागच्या मागं अंगणात निघून गेला.

त्यानंतर शब्द येत गेले. रांगेत नाही, मनाला येईल तसे. एका आठवड्यात दहा यायचे, मग कितीतरी दिवस एकही नाही. मराठी आली पण तुटक, मध्येच कन्नड. वाक्य कधी पुरं झालंच नाही. आणि या सगळ्यात एक गोष्ट आम्ही बघूनही बघत नव्हतो, ती सवितानं दाखवली. अक्का जिना चढत होती. उजवा पाय थोडा ओढत, डाव्या हातानं कठडा धरून, पण मध्ये न थांबता. गच्चीवर जाऊन सविताच्या वाळत घातलेल्या साड्या उलटसुलट करून यायची. एकदा खाली आल्यावर तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उसिर ऐती." सविता म्हणाली, "दम आहे, म्हणतायत." अक्कानं मान हलवली, आणि मराठीत म्हणून बघितलं, "दम... हाय."

पुढच्या थंडीत आम्ही पन्हाळ्याला गेलो. गाडी सवितानं चालवली. अक्का तिच्या शेजारी. स्वतः चालवायची तिला परवानगी नव्हती, उजव्या हातात पुरती पकड नव्हती, आणि हे तिनं कसं गिळलं ते तीच जाणे. वळणावळणावर डाव्या हाताचं एक बोट उचलून खाली, वर, डावीकडं. तेवढ्यावर सविता अख्खा घाट चढली. वर पोचल्यावर अक्का उतरली आणि तटाकडं जाणाऱ्या चढानं निघाली. मी मागं राहिले, मला धाप लागली. ती वर थांबून माझ्याकडं बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. झुणका-भाकरीवाल्या बाईपाशी बसलो. महेश कांदा फोडत होता, मान खाली. ऑपरेशननंतर तो आईशी बोलायचा तेव्हा नेहमी असाच, हातातल्या कामाकडं बघत. अक्कानं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"सही," ती म्हणाली. मग थांबली. पुढचा शब्द शोधत होती, आम्ही कुणीच मदत केली नाही, ते तिला आवडत नसे. "सही... तू केलास. बेस... केलास."

महेश म्हणाला, "तू नको म्हणत होतीस, आई. जागी झाल्या झाल्या. नको नको म्हणत होतीस."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती. "आठवत... न्हाय," ती म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडत, "शिरा आसंल. दवाखान्याचा... शिरा." सविता आधी हसली, मग मी. महेश हसला आणि लगेच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो मोठ्यानं रडला. भाकरीवाली बाई, आजूबाजूचे लोक, सगळे बघत होते. अक्का त्याच्या पाठीवर थापा मारत होती, आणि दुसऱ्या हातात भाकरी होती, ती खातही होती.

असं सगळं सांगितलं की वाटतं, मिटलं. नाही मिटलं. वाक्य सापडेना म्हणून ती चिडायचीच, शेवटपर्यंत. एकदा मला म्हणाली, "आत... लई हाय. भाईर... येत न्हाय." ते ऐकून मी घरी आले आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. दम मिळाला, शब्द गेले, हा सौदा बरा की वाईट हे मला आजही ठरवता येत नाही. तिनं ठरवलं होतं. पण तिचं ठरवणं आपल्याला पुरतं का, हे वेगळं.

त्या सकाळी ती चहा पिऊन, बाहेर पडायच्या तयारीनं पडवीत आली होती. महेश आत होता. धप्प आवाज आला. तो येईपर्यंत संपलं होतं. झडप चांगली होती, पुण्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, बहुधा ठोक्यांची लय बिघडली असावी, नक्की कारण सांगता येणार नाही. मी कागलहून पोचले तेव्हा तिला त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यात हार. मांडी घालून, शांत. इतक्या वर्षांत तिला एवढा वेळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. दारापासून थेट बोळाच्या तोंडापर्यंत बायकाच बायका होत्या. बहुतेकजणी स्वतः गाडी चालवत आल्या होत्या, बाहेरचा रस्ता पार तुंबला होता, आणि त्या दिवशी कुणी हॉर्न वाजवला नाही.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. मग महेशनं एक विषय काढला जो सगळ्यांनी बाजूला ठेवला होता. अक्काची थोरली बहीण, महेशची दोड्डव्वा, माहेरच्या गावात आहे. फार म्हातारी, अंथरुणालाच असते, मराठी अजिबात येत नाही. तिला कळवू नका, सहन होणार नाही, असं भाच्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं होतं. महेश म्हणाला, "दोड्डव्वाला मी सांगणार. मीच. आणि तिच्या भाषेत." त्यानंतर रोज संध्याकाळी मला जिन्यावरून आवाज यायला लागला. सविता वरच्या पायरीवर, महेश खालच्या. ती एक वाक्य म्हणायची, तो ते मोडून-तोडून म्हणायचा. ती म्हणायची, असं नाही, पुन्हा. 'अव्वा तीरकोंड्लु.' आई वारली. भिंतीपलीकडून मी ते इतक्या वेळा ऐकलं की मलाही पाठ झालं. कधी तो मध्येच थांबायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या रविवारी आम्ही तिघं गेलो. म्हातारी खाटेवर होती, खिडकीकडं तोंड करून. महेश तिच्या पायाशी बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि पाठ केलेलं सगळं विसरला. त्यानं एकदा सविताकडं वळून बघितलं. मग त्यानं ते वाक्य म्हटलं, चुकीच्या हेलात, मोठ्यानं, बरंच मोठ्यानं. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. किंचाळली नाही, छाती बडवून घेतली नाही. सुरकुतलेला हात त्याच्या गालावरून कपाळापर्यंत फिरवला, आणि बोलायला लागली. हळू आवाजात, न थांबता, कितीतरी वेळ, मध्येच थोडं हसून, मध्येच डोळे पुसून, जणू ती आधीपासून जाणून होती आणि एवढे दिवस कुणी येऊन सांगेल याची वाट बघत होती. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. महेशलाही कळत नसणार. तिचं बोलून झालं तेव्हा सविता पुढं झाली आणि त्याच्या कानाशी सांगू लागली, "त्या म्हणतायत की..."

"राहू दे," महेश म्हणाला. त्यानं म्हातारीचा हात सोडला नव्हता. "राहू दे सविता. कळलं मला."